अ‍ॅज पर काका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक अ‍ॅज पर काका असतात. उभी हयात कुठल्यातरी सरकारी नाहीतर निमसरकारी कचेरीत गेलेली, आणि निवृत्त होताना शाल-श्रीफळाबरोबर तिथलं ड्राफ्टिंगही घरी आलेलं. या माणसाला साधी बातमी साधेपणानं सांगताच येत नाही. उद्या पाणी येणार नाही, एवढाच निरोप असतो. काका जिन्यात थांबून, चष्मा कपाळावर चढवून सांगतात, "अ‍ॅज पर वॉचमन, टुमारो नो वॉटर."

खरं तर अ‍ॅज पर हे कागदाला शोभतं. करार, ठराव, नियम, वेळापत्रक, असं काहीतरी हातात असावं लागतं. माणसाचा हवाला द्यायचा तर अकॉर्डिंग टू. तेसुद्धा दुसऱ्या माणसाचा. काकांचं लाडकं वाक्य मात्र "अकॉर्डिंग टू मी" असं सुरू होतं. रेन अँड मार्टिन त्यांच्या कपाटात आहे. त्याचं लाल कव्हर अजून करकरीत आहे, यावरून काय ते समजा. "त्यापेक्षा इन माय ओपिनियन म्हणा ना," असं मी एकदा सुचवून पाहिलं. "ओपिनियन कुणाचंही असतं हो. मी फॅक्ट सांगतोय," काका म्हणाले. यावर काय बोलणार?

काकांचं इंग्रजी ऐकून बातमीचा कस ओळखता येतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर ते चक्क मराठीत बोलतात: "लिफ्ट बंद आहे." जिन्यात कानावर आलं असेल तर "इट इज लर्न्ट दॅट". काकूंनी सांगितलं असेल तर "रिलायबल सोर्सेस". आणि दुपारी पडल्या पडल्या नुसतंच मनात आलं असेल, तर प्रतिज्ञापत्रातलं ते लांबलचक शेपूट निघतं, "टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ". त्यातलं बिलीफ तेवढं पक्कं असतं. लेखी तक्रारीत पुन्हा "व्हाइड लेटर" असतंच. व्हाइड म्हणजे लॅटिनमध्ये 'पाहा'. ते लेटर आजवर कुणाला पाहायला मिळालेलं नाही.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी इतिहासात पीएचडी करते. तिला काकांनी आपणहून मार्गदर्शन केलं. "तळटीपांत इबिड घाल भरपूर. वजन येतं." ती म्हणाली, "काका, इबिड म्हणजे लगेच आधीच्या टीपेतलाच संदर्भ. पहिल्याच टीपेत कसं घालू? आणि शिकागो मॅन्युअलच्या 2017 सालच्या आवृत्तीनं तर इबिड टाळायलाच सुचवलंय." काका क्षणभर थांबले. "ते अ‍ॅज पर शिकागो असेल," म्हणाले, "आपण मुंबईत राहतो."

गंमत म्हणजे यंदाच्या वार्षिक सभेत काका चक्क बरोबर होते. फ्लॅट भाड्यानं दिलेल्यांकडून जबर बिनभोगवटा शुल्क घ्यावं, असं कमिटीच्या मनात होतं. काका उठले. "अकॉर्डिंग टू मी, दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही!" सभेत हशा पिकला. तुमच्या मते काय वाटेल ते असेल, असं म्हणून लोक वड्यांकडे वळले. शेवटी त्या पीएचडीवाल्या मुलीनं फोनवर शोधून वाचून दाखवलं: राज्य सरकारचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची कमाल मर्यादा. सगळे गप्प झाले. आयुष्यात एकदाच काकांच्या हाती खराखुरा सरकारी कागद होता, आणि अ‍ॅज पर म्हणायचं नेमकं तेव्हाच राहून गेलं.

शुल्क 10 टक्क्यांवरच राहिलं. इतिवृत्त काकांनीच लिहिलं. त्या ठरावापुढे संदर्भाच्या रकान्यात "अ‍ॅज अबव्ह" आहे. वरच्या ओळीत वड्यांचा हिशेब आहे.