तुझा भाव किती आला?

ऑस्ट्रियातल्या संख्याशास्त्राच्या काही प्राध्यापकांनी ‘आर’ या संगणकभाषेत ‘एग्झाम्स’ नावाची एक अवजारपेटी तयार केली. २००९ साली बेटिना ग्र्यून आणि आखिम झाइलाइस यांनी तिच्यावर रीतसर लेखही लिहिला. तिच्यात प्रश्न लिहायचा नसतो, प्रश्नाचा साचा लिहायचा असतो. आकड्यांच्या जागी यंत्र आपल्या मनाला येईल तो आकडा घालतं, उत्तर स्वतःच काढून ठेवतं आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या हाती निराळी प्रश्नपत्रिका देतं. कागदावर हवी तर कागदावर, ऑनलाइन वर्गाच्या ‘मूडल’वर हवी तर ‘मूडल’वर. बांधाखालून पलीकडच्या रानात पाणी झिरपावं तशी शेजारच्या वहीत झिरपणारी नजर एका फटक्यात कोरडी पडली.

गणित शिकवणाऱ्या माणसाला हे फार आवडतं, मलाही आवडलं. फक्त यंत्राच्या मनाला काय येईल, याचा नेम नसतो. मोकळं सोडलं तर ते घोडेगावहून निघालेली एसटी तिसऱ्या दिवशी मंचरला पोचवतं आणि गोठ्यात पावणेतीन म्हशी बांधतं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की पाऊण म्हैस दूध देत नाही! म्हणून प्रत्येक आकड्याला खालची आणि वरची हद्द घालून द्यावी लागते. म्हशी पूर्णांकात, एसटीचा वेग घाट धरून. जग किती समजूतदार आहे, हे यंत्राला समजावताना पहिल्यांदा कळतं.

आकड्यांचं हे वेड आमच्या जुन्नर तालुक्याला नवं नाही. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञांत किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली, त्याचा हिशेब दोन हजार वर्षं भिंतीवर उभा आहे. एकापासून २०,००० पर्यंतची चिन्हं त्यात सापडतात; शून्य तेवढं नाही. म्हणजे त्या काळी पेपरात भोपळा मिळण्याची सोयच नव्हती. ते आकडे दगडातले, यंत्राचे वाऱ्यावरचे, असं मी बरेच दिवस मानत होतो. पण यंत्राला सुरुवातीचा एक अंक नेमून दिला, की पुढे ते दर वेळी तेच आकडे, त्याच क्रमानं काढतं. त्याचा लहरीपणाही आतून दगडात कोरलेला.

अडलं ते टोमॅटोपाशी. साचा सोपा होता: २० किलोचं एक क्रेट, इतकी क्रेट, इतका भाव, इतका खर्च, नफा की तोटा? पण भावाची हद्द कुठे आखायची? नारायणगावच्या बाजारात २०२३च्या जुलैत क्रेटनं २,००० रुपये ओलांडले होते, आणि तोडणीची मजुरीही सुटू नये असे हंगाम तर इथल्या घराघरानं पाहिलेत. एसटी आणि म्हशी हद्दीत राहिल्या, बाजार राहीना. शेवटी मी खाली ४० आणि वर २,००० लिहिले. पुस्तकातल्या शेतकऱ्याला कायम शेकडा दहा नफा होतो, त्याहून हे खरं वाटलं.

पण खरेपणाचा एक चटका असतो. यंत्रानं एका बाकावरच्या मुलीला बंगला बांधणारा शेतकरी दिला आणि तिच्या शेजारणीला माल रस्त्यावर ओतणारा. दोघींच्या घरी टोमॅटो. यंत्राच्या मनात दुजाभाव नव्हता. त्याला मन नव्हतं, एवढंच. तोटा वगळावा असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, ज्या पोरीनं घरी तोटा पाहिलाय, तिला तो कागदावर मांडता यावा, यासाठीच तर गणित.

पेपर सुटल्यावर मुलं पूर्वी “तुझं किती आलं?” विचारायची, आकडा जुळला की बोलणं संपायचं. आता कुणाचंच कुणाशी जुळत नाही. आधी “तुझा भाव किती आला?”, मग “खर्च कुठून वजा केलास?” अशी रीतच जुळवत बसावं लागतं. ज्या पेटीनं नक्कल बंद केली, तिनंच पोरांना एकमेकांच्या वहीत अधिक खोल डोकावायला लावलं. बंगलेवालीनं शेजारणीची वही ओढून सगळी आकडेमोड तपासली आणि म्हणाली, “अगं, तोटाच येतोय. बरोबर आहे तुझं.”