बुजवलेल्या बाल्कनीचा भाव

प्रोसेसरची किंमत जाहीर करताना इंटेल वर्षानुवर्षं एक बारीकशी अट घालत आली: हा भाव हजार नग घेतल्यास. १९९३ साली पहिला पेंटियम आला तेव्हा ६० मेगाहर्ट्झवाल्याची किंमत ८७८ डॉलर होती, तीही हजाराच्याच हिशेबात. आमच्या सोसायटीत अडतीस बिऱ्हाडं. मेंटेनन्सचा चेक देताना ज्यांचा हात थरथरतो अशा त्या साऱ्यांनी, वॉचमनसकट, माझ्याबरोबर एकेक प्रोसेसर घ्यायचा ठरवला, तरी साडेनऊशेच्या वर नग जिन्यात ठेवावे लागतील.

लॅमिंग्टन रोडवर मात्र हजाराचा विषय निघत नाही. (या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग. त्या नावाने पत्ता विचारलात तर लोक हॉस्पिटल शोधताय असं समजतात.) तिथे भाव विचारला की काउंटरवरचा पोरगा आधी मोबाइल बघतो, मग कुणाला तरी फोन लावतो, मग माझ्याकडे बघतो. कपड्यांवरून भाव ठरत असावा अशी मला शंका आहे.

"अंकल, बॉक्स चाहिए या ट्रे?"

बॉक्स म्हणजे कंपनीचं खोकं आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी. ट्रे म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांसाठी ठोकात आलेला, बिनखोक्याचा नग. त्याची वॉरंटी म्हणजे त्या पोराचा शब्द. त्यावर अठरा टक्के जीएसटी. मी घरी विचारून येतो म्हटलं, तर तो म्हणाला, "रेट शाम तक का है, अंकल." सोन्याचा भावसुद्धा थोडा धीर धरतो.

पण किमतीपेक्षा खरी गंमत नावामागच्या अक्षरांत आहे. भाचा म्हणाला, "मामा, के घ्यायचा की एफ, ते आधी ठरव." के म्हणजे वेग वाढवायची मोकळीक. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. साहजिकच मला वाटलं, बंद आहे म्हणजे स्वस्त असणार. पण २०१९च्या जानेवारीत इंटेलने पहिले एफवाले प्रोसेसर आणले तेव्हा आय नाईन ९९००केची किंमत ४८८ डॉलरपासून होती आणि ग्राफिक्स बंद केलेल्या ९९००केएफचीही तेवढीच. बाल्कनीचं दार विटांनी बुजवलेला फ्लॅट बाल्कनीच्याच भावाने विकायला आमच्या बिल्डरलाही धीर झाला नसता. त्या सुमारास प्रोसेसरचा तुटवडा होता, त्यामुळे हेही खपलं. एफवाल्यांचे भाव उतरायला ऑक्टोबर उजाडला.

चिपचा भाग बंद करून विकायची ही विद्या जुनी आहे. सिलिकॉनच्या एका तबकडीवर एकसारख्या शेकडो चिप्स कोरतात, पण सगळ्या एकसारख्या उतरत नाहीत. कुणाचा एखादा कोअर, म्हणजे काम करणारा मेंदू, मुका, कुणाला वेग सोसत नाही. मग तपासून, निवडून, अधू भाग बंद करून त्या खालच्या नावाने विकतात. इंटेलच्या स्पर्धक एएमडीने २००८मध्ये तीन कोअरचा फेनम काढला. तीन कोअरचा प्रोसेसर कुणी हौसेने आखत नाही. चारातला एक झोपवलेला असतो. पण स्वस्त मालाला गिऱ्हाईक जास्त झालं की धडधाकट चिप्सचाही एखादा भाग बंद करावा लागतो. म्हणून पुढच्या फेनम टूमध्ये काही पोरं बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून चौथा कोअर जागा करायची. कुणाचा उठायचा, कुणाचं मशीनच झोपायचं. या उद्योगाबद्दल मला मनापासून आदर आहे.

इंटेलचा १९९१चा ४८६ एसएक्स तर त्याहून सरस. सुरुवातीच्या एसएक्समध्ये दशांश चिन्हाचं गणित करणारा भाग आत होता, फक्त बंद केलेला. गणित हवं असेल तर ४८७ नावाची दुसरी चिप घ्या. ती निघाली जवळजवळ पूर्ण ४८६ डीएक्स, आणि बसवली की पहिलीला गप्प करून सगळं काम स्वतःच करायची. म्हणजे गिऱ्हाईकाने आधी बंद गणित विकत घेतलं, मग चालू गणित विकत घेतलं, आणि पहिल्या चिपला मशीनमध्येच पेन्शनीत काढलं. २०१०मध्ये इंटेलने एका पेंटियमसाठी चक्क पन्नास डॉलरचं कार्ड काढलं. कोड टाका, तुमच्याच घरात पडलेल्या प्रोसेसरचा कुलूपबंद भाग उघडेल. ही योजना फार टिकली नाही. विकत घेतलेल्या कपाटाचा एक कप्पा पुन्हा विकत घ्यायला अमेरिकन माणूसही कचरतो.

बंद चिप आणि उघडी चिप बनवायला खर्च साधारण तेवढाच. त्यामुळे भाव ठरतो तो यादीतल्या वरच्या नगाकडे बघून, आणि उतरतो तो शेजारच्या कंपनीकडे बघून. इंटेलचा आठ कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर हजार डॉलरच्या वर होता. २०१७च्या मार्चमध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन ३२९ डॉलरला ठेवला, आणि इंटेलच्या पोटात अचानक गिऱ्हाइकाविषयी माया दाटून आली.

शेवटी लॅपटॉप बघायला गेलो, तर लॅमिंग्टन रोडवरचं काहीच लागू नाही. तिथे प्रोसेसर बोर्डावर डाक लावून बसवलेला. बॉक्स नाही, ट्रे नाही, संध्याकाळपर्यंतचा भाव नाही. शोरूममधल्या टायवाल्या मुलाने सांगितलं, "सर, रायझन सात हजार सिरीज, एकदम लेटेस्ट." भाच्याने फोनवरून विचारलं, "मामा, तिसरा आकडा कोणता?" मी लेबल वाचलं: ७३२०यू. "दोन म्हणजे झेन टू. ती रचना २०१९ची." मी हे टायवाल्याला ऐकवलं. तो तितक्याच आदबीने म्हणाला, "हो सर, पण नाव नवीन आहे."

"अहो," सौ. म्हणाली, "आतलं राहू द्या. हा निळ्यात आहे का, ते विचारा." निळ्याला तीन आठवडे लागणार होते.