व्हीव्हीएस आहे ना हो तुमचं?

काय दिवस आलेत बघा! परवा एका केळवणात, पानात मोदक पडायच्या आत, नवऱ्या मुलीच्या आत्याबाईंनी पर्समधून भिंग काढलं. वाचायचं नव्हे हो, जवाहिऱ्याचं! डोळ्याला चिकटवून बघायचं, दहापट मोठं दाखवणारं. मुलीचा हात ओढला, साखरपुड्याची अंगठी दिव्याखाली धरली आणि भर पंगतीत निकाल दिला, "व्हीएस टू वाटतोय गं. त्यांनी व्हीव्हीएस सांगितलं होतं ना?" पंगत गार! मुलीची आई वाढता वाढता थांबली. पलीकडचे काका केव्हापासून तूप मागत होते, त्यांना कुणी विचारेना.

बरं, हे खूळ एका आत्याबाईंचं असतं तर सोडून दिलं असतं. डेक्कनपासून डोंबिवलीपर्यंत ज्या बायका कालपर्यंत घडणावळीवर घासाघीस करत होत्या, त्या आता "कलर ईएफ आहे का जीएच?" असं विचारतात. गोत्र, नाडी, मंगळ सगळं जुळलं तरी एका ठिकाणी बोलणी अडली म्हणे, कारण अंगठीचं सर्टिफिकेट अजून दाखवलं नव्हतं! आपण गुरुपुष्याला वेढणी घेणारी माणसं. हिरा म्हणजे आजीच्या कुड्या, नाहीतर नाकातली चमकी. त्या पेढीवरच्या काकांनी "चांगला आहे, घेऊन जा" म्हटलं की विषय संपायचा. आता तेच काका चष्मा सावरत "मॅडम, ही क्यूआर कोडची जागा" म्हणून दाखवतात. अगोबाई!

ज्यांच्यावर एवढा जीव टाकतात ती अक्षरं आहेत तरी काय, बघूया. रंगाची अक्षरं डीपासून सुरू होतात. ए, बी, सी कुठं गेली? 1953 साली अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेच्या रिचर्ड लिडिकोट यांनी ही पट्टी बसवली, तेव्हा बाजारात जो तो आपल्या खड्याला ए, डबल ए, ट्रिपल ए म्हणवत होता. त्या भाऊगर्दीत आपली पट्टी नको म्हणून त्यांनी सुरुवातच डीपासून केली. डी, ई, एफ म्हणजे बिनरंगी, जी ते जे जवळपास बिनरंगी, आणि मग पिवळसर झाक वाढत वाढत झेडपर्यंत. पण हा रंग प्रयोगशाळेत बघतात कसा, माहितीये? खडा पालथा घालून! पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ठरलेल्या उजेडात, शेजारी मापाचे खडे ठेवून. म्हणजे ज्या बाजूनं तुमच्या हिऱ्याकडे जन्मात कुणी बघणार नाही, त्या बाजूचे मार्क घेऊन आपण मिरवायचं. आणि तो डी कलरचा खडा जातो कुठं? पिवळ्याधमक सोन्याच्या कोंदणात! सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतो, डीचं तेज गेलं की नाही पाण्यात? पिवळ्या सोन्यात आय-जे रंगाचा खडा छान पांढरा दिसतो. पण "जे घेतला" हे चारचौघांत सांगणार कोण?

शुद्धतेचं तर विचारूच नका. तिथं 11 पायऱ्या. सगळ्यात वर निर्दोष, मग आतून निर्दोष, मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आणि तळाला आय, जिथं डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो. व्हीव्हीएसमधला दोष शिकलेल्या माणसालाही दहापट भिंगातून मुश्किलीनं सापडतो. व्हीएसमधला भिंगातून दिसतो, नुसत्या डोळ्यांना नाही. एसआय वनमधलाही बहुतेक वेळा नाहीच. एसआय टू असेल तर मात्र नीट निरखून घ्यावा. आता मला सांगा, व्हीव्हीएस आणि व्हीएसमधला फरक तुमच्या जावेला दिसणार आहे का? जाऊ कितीही बारकाईनं बघणारी असली तरी नाही दिसणार. पैसे मात्र भरपूर जादा जातात. आणि हे दोष हुडकायचं वेड आजचं नाही बरं का. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत हिऱ्याचे दोष लिहून ठेवलेत: कावळ्याच्या पायासारखी खूण, माशी, केस. त्यात आणखी एक मत नोंदवलंय, की पुत्राची इच्छा असलेल्या बाईनं हिरा घालूच नये! लगेच अपवादाचे आकारही दिलेत. कुणीतरी घरात कटकट केली असणार.

या सगळ्या गडबडीत एका गोष्टीकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि खरा थयथयाट मला तिथं करायचाय. कट! हिरा चमकतो तो रंगानं नव्हे, शुद्धतेनं नव्हे, पैलूंच्या कोनांनी. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर यायला हवा. तळ फार उथळ झाला किंवा फार खोल गेला, की उजेड खालून नाहीतर बाजूनं निसटतो आणि खडा मधोमध मरगळलेला, काळपट दिसतो. मार्सेल तोल्कोव्स्की नावाच्या गृहस्थानं 1919 मध्ये गणित करून गोल हिऱ्याचे कोन मांडले, तेव्हापासून हे उघड आहे. नेहमीच्या गोल हिऱ्याला 57 पैलू, टोकाचा धरला तर 58. 2006 पासून जीआयए गोल हिऱ्याच्या कटला एक्सलंट ते पुअर असे पाच शेरे देतं. म्हणजे घेणाऱ्याला सोप्यात सोपी गोष्ट: गोल खडा घ्या, कटपुढे एक्सलंट लिहिलंय का बघा, मग रंगात आणि शुद्धतेत दोन पायऱ्या खाली उतरा. पण नाही! आमच्या बायका व्हीव्हीएससाठी हटून बसतात आणि कट 'गुड' आला तरी "गुड म्हणजे चांगलाच ना" म्हणून घरी येतात. पाच शेऱ्यांत तो तिसरा आहे हो!

त्यात सध्या ओव्हलची साथ आलीय. बोट लांब दिसतं म्हणे. पण त्या जीआयएच्या कागदावर ओव्हल, पेअर, मार्कीज या आकारांना कटचा शेराच नसतो. तिथं आपलेच डोळे वापरायचे. खडा हलवून बघायचा, मधोमध आडवी काळी पट्टी दिसते का, बो टाय म्हणतात तिला. थोडीफार असतेच. पण काही खड्यांत ती अशी ठसठशीत असते की सगळा हिरा त्या पट्टीचाच वाटतो. कागदावर तिचं नावसुद्धा नसतं.

कटसाठी माणसं काय काय करतात त्याची एक आपल्याकडचीच चुरचुरीत गोष्ट आहे. नाशिकचा हिरा! त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगतात, पुढे पेशव्यांकडे. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाचं राज्य गेलं तसा तोही कंपनीच्या हाती लागला आणि लंडनला पोचला. वजन जवळजवळ 90 कॅरट. आणि साहेबाची तक्रार काय, तर चमकत नाही! आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचा कल खड्याचं वजन राखण्याकडे असे, साहेबाला हवा होता लखलखाट. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा घासून 80 कॅरटच्या आसपास आणला. एवढ्यावर भागलं नाही. 1940 मध्ये न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी परत कापला, तो 43.38 कॅरटवर आला. अर्ध्याहून जास्त हिरा निव्वळ चमकेपायी गेला! त्यांना जे कळलं ते आमच्या पंगतीतल्या आत्याबाईंना कळू नये?

वजनावरून आठवलं. 1 कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे 100 सेंट. पूर्ण 1 कॅरटला भाव एकदम उडी मारतो, म्हणून 90-95 सेंटचा खडा घेणारा शहाणा. गोल खडा 1 कॅरटचा असला तर साधारण साडेसहा मिलिमीटर, 90 सेंटचा जेमतेम सव्वासहा. तेवढा फरक मोजायला सासूबाई पट्टी घेऊन बसणार आहेत का? (बसतीलही म्हणा.) सोन्याचा कॅरट वेगळा, तो शुद्धतेचा, हे सांगूनसुद्धा आमच्या इमारतीत एकीच्या 18 कॅरटच्या अंगठीची बातमी अशी काही पसरली की तिच्या नवऱ्याकडे लोक संशयानं बघायला लागले.

आणि दुकानातले ते दिवे! छतातून शेकडो टिकल्यांसारखे नेम धरून सोडलेले. त्यांच्याखाली काचेची बांगडीसुद्धा लखलखते. खडा खिडकीशी न्या, साध्या ट्यूबखाली धरा, हातानं सावली करून बघा. तिथंही जिवंत वाटला तर खरा. हे करताना दुकानातला मुलगा जरा कसनुसा होतो, होऊ दे. मोठ्या खड्याच्या कडेवर रिपोर्टचा नंबर लेझरनं कोरलेला असतो. भिंगातून तो वाचायचा आणि मोबाइलवर त्या लॅबच्या साइटवर जुळवायचा. भिंगाचा खरा उपयोग हा! बारीक खड्यांच्या दागिन्यात मात्र एकेका खड्याचं सर्टिफिकेट नसतं, सगळ्यांना मिळून 'ईएफ-व्हीव्हीएस' नाहीतर 'आयजे-एसआय' असा पट्टा लिहितात. आणि सोन्यावरचा हॉलमार्क सोन्याबद्दलच बोलतो. हिऱ्याबद्दल त्या सहा अक्षरी एचयूआयडीला काही माहीत नसतं. बिलावर ग्रॉस आणि नेट वजन वेगळं आहे ना, तेही बघायचं. नाहीतर खड्यांचं वजन सोन्याच्या भावानं एकदा आणि हिऱ्याच्या भावानं पुन्हा एकदा मोजलं जायचं. सध्याच्या सोन्याच्या भावात ती चूक केवढ्याला पडेल, मनातल्या मनात करा हिशेब.

घरगुती परीक्षांनी तर कहर केलाय. एक गट खड्यावर हाः करून वाफ सोडतो. हिरा उष्णता भराभर वाहून नेतो, वाफ लगेच उडते, हे खरं. दुसरा गट सुटा खडा वर्तमानपत्रावर पालथा ठेवतो, अक्षर वाचता आलं तर काच. यात अमेरिकन डायमंड कदाचित पकडला जाईल. मग ऑनलाइन मागवलेलं टेस्टरचं पेन आलं. त्याचं टोक टेकवलं की ते ओरडतं. पण साधं टेस्टर उष्णतेवर चालतं, आणि मोयसनाइट नावाचा खडाही उष्णता तशीच वाहून नेतो, त्यामुळे पेन त्यालाही हिरा म्हणून मोकळं होतं. भिंगातून तिरपं बघितलं तर मोयसनाइटच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या दिसत नाहीत. आणि कुणाच्या तरी काकांनी "खरा हिरा फुटत नाही" म्हणून हातोडी आणली होती, ती वेळीच काढून घेतली. हिऱ्यावर सहजी ओरखडा उठत नाही, पण ठरावीक दिशेनं घाव बसला तर त्याचे दोन तुकडे होतात. पैलू पाडणारे खडा फोडायचे तो त्याच दिशेनं.

आता जवळ या, हळू बोलते. सगळ्यात मोठं लफडं लॅब ग्रोनचं आहे. कुणाचा खाणीतला आणि कुणाचा लॅबमधला, यावर नात्यांत तट पडलेत! खोटा म्हणायची सोय नाही, कारण तो कार्बनच, तितकाच कठीण. वाफ, वर्तमानपत्र, पेन सगळ्यांत पास. जनरल इलेक्ट्रिकनं 1954 सालीच प्रचंड दाब आणि उष्णतेनं हिरा करून दाखवला होता. आता वायूतून थरावर थर चढवून वाढवतात, सुरतेत कारखाने धडाक्यात चाललेत. जून 2023 मध्ये पंतप्रधानांनी बायडन बाईंना साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला, तोही लॅबमधलाच. म्हणजे व्हाइट हाउसला चालतो आणि आमच्या चुलतसासूबाईंना चालत नाही! किंमत खाणीतल्याच्या दहाव्या हिश्श्यात, कधी त्याहूनही कमी. मग काय, ज्यांना 30 सेंट परवडत नव्हता त्या 2 कॅरट घालून भाजी आणायला निघाल्या. फक्त परत विकायला जाल तेव्हा बरेच सराफ हात वर करतात, ते आधी विचारून घ्या. खाणीतल्याच्या मोडीतसुद्धा घट असतेच, पण ती बिलावर लिहून मिळते.

यंत्रं मात्र फरक ओळखतात, आणि तिथंही गंमत आहेच. वायूपासून वाढवलेले हिरे बहुतेक टाइप टूए जातीचे, म्हणजे नायट्रोजन जवळजवळ नसलेले. खाणीतल्या हिऱ्यांत ही जात शंभरात दोनसुद्धा नाही. त्यामुळे अशा जातीचा खडा दिसला की चाळणी करणारं यंत्र त्याला संशयितांत टाकतं आणि पुढच्या तपासणीला पाठवतं. कोहिनूर याच जातीतला मानतात. म्हणजे उद्या कोहिनूर परत आणला आणि झवेरी बाजारात दाखवला, तर "जरा बाजूला थांबा" म्हणतील!

आणि ताजी बातमी ऐकलीत ना? ऑक्टोबर 2025 पासून जीआयएनं लॅबच्या हिऱ्यांना ती लाडकी अक्षरं देणंच बंद केलं. नुसतं 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड', आणि त्यातही बसला नाही तर काहीच नाही. इतर लॅब अजून देतात म्हणा. पण घराघरांत हाहाकार! डी म्हणून मिरवायचं, व्हीव्हीएस म्हणून टोमणा मारायचा, आता 'प्रीमियम' विरुद्ध 'प्रीमियम' भांडण रंगवायचं तरी कसं? आमच्या ग्रुपवर एकीनं जुनं, अक्षरांचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतल्याचा फोटो टाकलाय. त्याच फोटोत तिच्या कानातले नवे ओव्हल टॉप्स दिसतायत, आणि दोन्हीच्या मधोमध ती काळी पट्टी! तिला कुणी सांगायचं यावर दुसऱ्या ग्रुपवर मतदान चालू आहे.