आठ ते पंधरा, मग थेट साठ

सांगलीत विश्रामबागेत जा नाहीतर साताऱ्यात शाहूपुरीत, संध्याकाळी कुठल्याही गाण्याच्या क्लासबाहेरच्या चपला बघा. एक तर इवल्याशा, वेल्क्रोच्या, डाव्या-उजव्याचा घोळ झालेल्या. नाहीतर टाचदुखीवाल्या, डॉक्टरांनी सांगून घेतलेल्या. मधल्या मापाची चप्पल औषधालाही सापडायची नाही. मधल्या मापाची माणसं बाहेर गाडीवरच बसलेली असतात, मोबाइलमध्ये मान घालून. आतून भूप ऐकू येत असतो आणि ही मंडळी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतात. साडेसहाला गणिताचा क्लास असतो ना.

पोराला क्लासला घालताना सगळे म्हणतात, ‘आवड म्हणून.’ ही आवड आठवीपर्यंत टिकते. नववीत तिचं गणित होतं. आई येऊन हळूच विचारते, ‘सर, दहावीच्या आत किती परीक्षा बसतील?’ शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा पदरात असल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा ही एसटीच्या थांब्यांसारखी घ्यायची आणि दहावीच्या स्टँडवर उतरायचं. निकाल लागला की डग्गा माळ्यावर, पेटी पलंगाखाली. मास्तरांना पेढे मात्र आठवणीनं मिळतात, एवढं आपल्या भागातल्या लोकांचं मान्य करायला हवं.

आता हे सगळं कुठे चाललंय तेही बघा. या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेत, ब्राह्मणपुरीत. ज्यांच्यामुळे ही परंपरा उभी राहिली ते विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, शाळा सुटली, म्हणून गाण्याला लागले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षं घासले. म्हणजे शाळेचा अभ्यास जमेना म्हणून गाणं! आपण त्याचं बरोबर उलटं केलं, शाळेचे मार्क वाढावेत म्हणून गाणं. त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अभ्यासक्रम बांधला, स्वरलिपी केली, पुस्तकं छापली. गुरुजींची मर्जी लागली तर चीज, नाहीतर नुसतीच भांडी, हा जुना हिशेब मोडायचा होता. कुणीही फी भरून पायरीपायरीनं शिकावं असा तो मामला. आम्ही पायऱ्या तेवढ्या उचलल्या आणि वर काय आहे ते बघायचं राहून गेलं.

तंबोऱ्याचंही तेच. मिरजेच्या सतारमेकरांची दीडेकशे वर्षांची कारागिरी, 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, आपण व्हॉट्सॲपवर अभिमानही वाटून घेतला. भोपळा सोलापूरकडून यायचा, तो वाळवायचा, जवारी लावता लावता कारागिराचे तासन्‌तास जायचे. आणि तिथून हाकेच्या अंतरावरच्या क्लासात तानपुरा कुठे असतो? मॅडमच्या फोनमध्ये. काळी चार लावून सा सुरू होतो, पोरं डोळे मिटतात, तेवढ्यात षड्‌ज बंद पडून आवाज येतो, ‘पार्सल घेऊन आलोय, खाली या.’

मोठ्यांचे वर्ग भरतात ते सकाळी अकराला, पेन्शनरांच्या वेळेला. यांची मी चेष्टा करणार नाही. म्हणजे थोडी करीन. ‘अलंकार-बिलंकार नको, थेट गाणं सांगा’ असं म्हणत आलेले काका महिन्याभरात कॅरिओकेचा माइक घेतात आणि सोसायटीच्या कोजागरीला ट्रॅक पुढे, काका मागे अशी शर्यत लागते. काकांना त्याचं काही नसतं. बाजूला काकूंनी मात्र वहीत सरगम नीट उतरवलेली असते, पदराआडून बोटं मोजत त्या ताल धरतात, आणि सगळ्या वर्गात खरं शिकत असतात त्या बहुतेक वेळा त्याच. परीक्षा द्यायची नसते, मार्क कुठे चिकटवायचे नसतात, चुकलं तर स्वतःच हसतात.

शिवाय या भागातल्या पेन्शनरांना मोठा पूर्वज आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. माणसानं पेन्शनीत बागेला पाणी घालावं, तर हे सप्तकातल्या बावीस श्रुतींच्या, म्हणजे सूक्ष्म स्वरांच्या, मागे लागले. 1910 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. आयसीएस अधिकारी क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि 1911 मध्ये साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी राहिली. होय, साताऱ्यात. श्रुती मोजायला गळा लागला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. बावीस श्रुतींची पेटीसुद्धा करवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झडले आणि पेटी काही चालली नाही. पण रिटायर झाल्यावर देशभरच्या पंडितांशी श्रुतींवरून भांडायचं, याला हिंमत लागते. आपल्याकडे भांडण होतं ते सोसायटीच्या पार्किंगवरून.

तर मुद्दा मधल्यांचा. पंधरा ते साठ. हे लोक गाण्याशिवायचे नाहीत, हीच तर गोम आहे. कुणालाही विचारा, ‘माझं मध्यमापर्यंत झालंय’ हे उत्तर ठरलेलं, बी.कॉम. झालंय म्हणावं तसं. लग्नाच्या बायोडेटात ते छंदाच्या रकान्यात गेलेलं असतं. नंतर हळदीकुंकवाला कुणी म्हणावं, ‘अगं, एखादं म्हण की,’ तर घसा बसलेला असतो. वीस वर्षं बसलेला आहे. औंधला 1940 पासून चालत आलेला संगीत महोत्सव असो की मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला चिंचेच्या झाडाखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं होणारं गाणं, रात्र जागवायला ही मध्यमापर्यंत झालेली मंडळी किती येतात? सकाळी ऑफिस असतं हे खरं. सामन्याच्या रात्रीही सकाळी ऑफिस असतंच.

दहावीच्या पोरांना दोष देऊन उपयोग नाही. सरकारनं मार्क ठेवले, त्यांनी घेतले. तेव्हा आमची सरकारला उलट सूचना आहे. हे मार्क दहावीतून काढा आणि चाळिशीत द्या. ज्याला बिनट्रॅकचा यमन दहा मिनिटं सुरात म्हणता येईल त्याला गृहकर्जाच्या व्याजात अर्धा टक्का सूट. मध्यलय सांभाळली तर प्राप्तिकरात वेगळी वजावट. परीक्षक बाहेरगावचा, ओळख चालणार नाही. मग मार्चअखेरीला सातारा-सांगलीत बघा, गाण्याचा मास्तर शोधून सापडायचा नाही, आणि सी.ए.च्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर फाइल मांडीवर घेतलेली माणसं एकमेकांना विचारत असतील, ‘तीव्र मध्यम लागतोय का हो तुमचा?’