कैलासाला, व्हाया वेल्हे

कैलास-मानससरोवराची यात्रा पाच वर्षं बंद होती. ती २०२५ मध्ये सुरू झाली आणि आमच्या सोसायटीतल्या अण्णांना पुन्हा तरतरी आली. सरकारी यात्रेला त्या वर्षी जागा साडेसातशे, त्याही सोडतीनं. वय सत्तरच्या आत हवं आणि वजन-उंचीचं ते जे काही गुणोत्तर असतं, ते पंचविसाच्या आत. अण्णा अडुसष्टचे. गुणोत्तराचा विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो.

"सोडतीत नाव लागणारच," अण्णा म्हणाले, "तोवर उंचीची सवय करून ठेवू." कुठल्या उंचीची, तर भोर-वेल्ह्याच्या. नोटीस बोर्डावर नकाशा लागला. त्यात बनेश्वर म्हणजे गोंपा (तिबेटी मठ), भाटघर म्हणजे मानससरोवर, रायरेश्वर म्हणजे साक्षात कैलास आणि तोरणा म्हणजे डोल्मा ला, परिक्रमेतली सगळ्यांत उंच खिंड.

नसरापूरचं बनेश्वर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. तिथली घंटा मात्र पोर्तुगीजांची, वसईहून आलेली. गोंप्यात ख्रिस्ती घंटा बघून अण्णा थोडे अडखळले, पण ती लढाई जिंकून आणलेली आहे म्हटल्यावर त्यांनी ती दोनदा वाजवली.

भाटघरला खरी गंमत आली. मानससरोवरात हल्ली चिनी लोक उतरू देत नाहीत, काठावर बादलीनं अंघोळ करायची. सराव तर सराव, म्हणून अण्णांनी घरून बादली आणली होती. पंचा नेसून ते येसाजी कंक जलाशयाच्या काठावर बसले आणि 'हर हर महादेव' म्हणून पहिला तांब्या डोक्यावर ओतला. म्हशी घेऊन चाललेला एक गडी थांबला. बराच वेळ बघून म्हणाला, "पाव्हणं, पुण्यात पाणी गेलंय व्हय?"

अण्णांनी त्याला ओल्या अंगानंच तिबेटचा भूगोल सांगितला. मानससरोवर गोडं, त्याला लागूनच राक्षसताल, ते खारं. तेव्हा हे भाटघर मानससरोवर धरलं, तर तिकडचं नीरा-देवघर झालं राक्षसताल.

"राक्षस?" गडी म्हणाला. "जमिनी आमच्या बुडाल्या, पानी कालव्यानं चाललंय बारामती-इंदापुराला. आता राक्षस कोन, त्ये तुमीच ठरवा." आणि म्हशींना हाकत निघून गेला. अण्णांनी राहिलेली अंघोळ न बोलता उरकली.

तिबेटात दम लागला की आपले यात्रेकरू कापूर हुंगतात. रायरेश्वर चढताना प्रत्येकाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी होती. शेवटच्या लोखंडी शिडीवर अण्णा दर पायरीला थांबून हुंगत होते; मागे शाळेची सहल खोळंबली होती. वर आल्यावर मात्र बरं वाटलं. लांबच लांब पठार, त्यावर शेती, जंगमांची घरं आणि ते बसकं शिवमंदिर. १६४५ मध्ये शिवरायांनी इथंच स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. पुजाऱ्यांचं लक्ष आमच्या गळ्यांकडे गेलं. "एवढा कापूर देवाला आणलात? धन्य आहे तुमची!" नाही म्हणायची कुणाची छाती? तबक फिरलं, पुरचुंड्या सुटल्या आणि आमचा सगळा प्राणवायू एका आरतीत जळून गेला. त्यानंतर कुणालाच दम लागला नाही. पिठलं-भाकरी चेपून आम्ही सात रंगांची माती बघायला गेलो. मला चार रंग दिसले, उरलेले तीन अण्णांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी दाखवले.

राहिला तोरणा. त्याची उंची १,४०३ मीटर, डोल्मा ला सुमारे ५,६३० मीटर. म्हणजे चार तोरणे एकावर एक रचायचे आणि शेंड्याला एक नारळाचं झाड लावायचं. हा हिशेब अण्णांनी वेल्ह्याच्या हॉटेलात मिसळ खाताना मांडला आणि लगेच विचारलं, "इथे याक मिळेल का हो? नाहीतर खेचर?"

"म्हस हाय," हॉटेलवाल्या मावशी म्हणाल्या.

"म्हशीवर नको," काकू म्हणाल्या. "ते यमाचं वाहन."

"कैलासाच्या वाटेवर यमद्वारच आहे," अण्णा म्हणाले. "त्यातून गेल्याशिवाय परिक्रमा सुरूच होत नाही. मृत्यूचं भय तिथे सोडायचं असतं."

अण्णा पायीच निघाले. रेलिंगला धरून, कातळाला धरून, शेवटी माझ्या बॅगेच्या पट्ट्याला धरून बिनी दरवाज्यातून आत आले. मेंगाईच्या देवळापाशी दोन कॉलेजची पोरं भेटली. मुक्काम करावा का, असं अण्णांनी विचारलं. "करा की काका," एक जण म्हणाला, "फक्त रात्री देवळात ब्रह्मपिशाच्च येतं म्हणतात." साडेतीन वाजले होते, ऊन लख्ख होतं. अण्णांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं, "तिबेटात दुपारनंतर हवा बिघडते" असं जाहीर केलं आणि जो गड चढताना आम्हाला सकाळ पुरली नव्हती, तो ते सगळ्यांच्या आधी उतरले.

खाली मावशींनी चहा ठेवला. "मग? किती तोरणं म्हनाला होता?"

"चार."

"मग चार मंगळवारी या की मेंगाईला. पासपोर्ट नको, सोडत नको. म्हाताऱ्या मान्साला यष्टीत अर्धंच तिकीट."

अण्णांनी लगेच वही काढून तारखा मांडायला घेतल्या. काकूंनी वही काढून घेतली.