कोटातला बाप्या

रात्रीचे साडेआठ. मालिकेतला नायक जेवायला बसलाय. अंगात कोट. कोटाच्या आत जाकीट, त्याच्या आत शर्ट, गळ्यात टाय. ताटात वरण-भात. भातावर वरण घेताना टाय वरणात जात नाही, यालाच आता अभिनय म्हणायचं.

हा कोट उतरत कधी नाही. आईच्या पाया पडताना कोट. बायको बाळंतिणीच्या खोलीत, हा बाहेर येरझारा घालतोय, कोटात. रुसून अंगणातल्या झोपाळ्यावर बसला, तरी इस्तरी जशीच्या तशी. आई आणि बायकोची जुंपली की हा कोटाच्या खिशात हात घालून खिडकीकडे बघतो, आणि खिडकीबाहेर रंगवलेला पडदा!

हाच कोट मे महिन्यात नागपुरात आणा. पारा 45 च्या वर. इथला कर्ता पुरुष बनियन-बर्मुड्यावर असतो. बादलीनं कुलरमध्ये पाणी भरतो, वाळ्याच्या ताट्या भिजल्या का ते बघतो, पंप अडला की त्याला एक थापड देतो. बाहेर निघायचं तर डोक्याला दुपट्टा आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. त्या कोटाला एवढे खिसे, पण कांदा ठेवावा असा एकही नाही.

बरं, हा करतो काय? तर 'बिझनेस'. कशाचा? सळईचा, साबणाचा, संत्र्यांचा? विचारायचं नाही. फाईल येते, हा न वाचता सही करतो, त्या सहीत बंगला जातो आणि पुढचे दीडशे भाग बंगला परत मिळवण्यात जातात. 1939 च्या 'माणूस' चित्रपटातला नायक साधा पोलीस शिपाई होता, 1972 च्या 'पिंजरा'तला मास्तर. एकाचं काळीज फाटलं, दुसरा पार मातीत गेला, पण पोट कशावर भरतं हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच कळायचं.

आणि त्याच बंगल्यात एक ड्रायव्हर असतो. त्याला कोट नाही, आमची नागपुरी बोली दिलेली असते. 'काहून जी मालक?' म्हणाला की मागून हशा. तो नसेल तर खलनायकाचा पंटर तरी आमचाच. गेली कित्येक वर्षं बघतोय, कोटवाला एकदाही 'मी येऊन राहिलो' म्हणाला नाही. का? या बोलीत प्रेम करता येत नाही? इतवारीतला अडत्या याच बोलीत लाखांचे सौदे करतो, धरमपेठेतला डॉक्टर याच बोलीत पेशंटला झापतो, सीताबर्डीवर याच बोलीत पोरी पटतात, लग्नं मोडतात, बापलेक वर्षानुवर्षं अबोला धरतात. पण पडद्यावर आम्ही डिक्की उघडायची, सूटकेस उतरवायची आणि हसं करून घ्यायचं! बाकी वेळ आमची आठवण फक्त सावजी रश्शाच्या तिखटावर नाक पुसताना. संताप येतो तो याचा. कोटवाल्याला अक्कल नसली तरी नायकपण मिळतं, आणि फायलीत काय काळंबेरं आहे हे ज्याला पहिल्या भागापासून ठाऊक असतं, त्या ड्रायव्हरला 'नंतर बोलू' म्हणून गप्प करतात.

एक महिना त्याला नायक करून बघा. चित्रीकरण मे महिन्यात इथंच ठेवा, कुलर आम्ही देऊ. पाणी मात्र नायकानंच भरायचं.