एन्ट्री

पंचावन्नाव्या वर्षी नवरीनं हॉलमध्ये शिरायचं कसं, यावर आमच्या ठाण्यातल्या कोपरीत एकमत नाही. लग्न दुसरं, माझंही आणि नवरदेवांचंही. ते करावं की नाही, यावर कुणी फारसा वेळ घालवला नाही. वाद पेटला तो एन्ट्रीवरून.

इव्हेंटवाल्या पोरानं मोबाइलवर नमुने दाखवले : धुरातून, फुलांच्या चादरीखालून, गॉगल लावून बुलेटवरून. ‘‘आंटी, पायरो घ्या, दोन्ही बाजूंनी ठिणग्या.’’ मी म्हटलं, ‘‘मला आपलं साधंच हवं.’’ साधं म्हणजे पैठणी, खोपा, नथ, मोत्यांच्या मुंडावळ्या, मंद सनई, आणि मी दारात दिसताच सगळ्यांनी वळून ‘किती साधी राहते बाई ही!’ असं म्हणणं.

रीतीनं नवरीला मामानं आणायचं. आमचा मामा आता एक्क्याऐंशीचा, दोन्ही गुडघे बदललेले. पहिल्या खेपेला पंगतीच्या घाईत त्यानं मला अक्षरशः ओढत आणलं होतं. या वेळी म्हणाला, ‘‘येतो की! पण मला कोण धरणार?’’ म्हणजे भाचीनं मामाला बोहल्यापर्यंत पोचवायचं. हॉल पहिल्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मामा, त्याची काठी, मामी आणि मामीची पिशवी एवढं मावलं की नवरी जिन्यानं. मामा मात्र जोमात आहे. रोज संध्याकाळी अष्टविनायक चौकापर्यंत चालायचा सराव करतो, वाटेत भेटेल त्याला ‘भाचीचं लग्न आहे’ सांगतो आणि ऐकणारा नातीचं समजून वय विचारतो. दुसऱ्या लग्नात मामाला आहेर पुन्हा मिळतो का, हे त्यानं भटजींना परस्पर विचारून घेतलंय. मिळतो. सफारीचं कापड त्यानं पसंतही केलंय.

नवरदेव डोंबिवलीचे. कोपरीचा पूल रुंद झाला असला तरी मुहूर्ताच्या दिवशी त्यांना रस्त्याची जोखीम नको. लोकलनं येऊन ठाणे पूर्वेला उतरणार. 1853 साली बोरीबंदरहून 21 तोफांची सलामी घेऊन सुटलेली पहिली गाडी याच ठाण्यात आली होती. आमची वरात द्वितीय वर्गानं.

शिवाय मी शिरेन तेव्हा ते अंतरपाटामागे असणार. त्यांना दिसणार फक्त धोतराचं कापड. मग हा खटाटोप कुणासाठी? तर तिसऱ्या रांगेतल्या जाऊबाईंसाठी, म्हणजे पहिल्या सासरच्या. त्यांचं म्हणणं, ‘‘या वयात गाजावाजा कशाला? रजिस्टर करा, दोन हार घाला, उरका.’’

इथे माझं डोकं फिरलं. पूर्वी अनेक जातींत विधवेचा पाट रात्री लागे, सुवासिनी तिकडे फिरकत नसत. बिजवराला मात्र भरदिवसा वाजंत्री. 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी 1893 साली महर्षी कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केल्यावर त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकलाच. जाऊबाई तसं काही करणार नाहीत, जेवायला येतील. फक्त मी आवाज न करता शिरावं, एवढंच.

पहिले ‘हे’ गेले तेव्हा याच सासरच्या बायकांनी मला दोन्ही दंड धरून बाहेरच्या खोलीत आणलं होतं, बांगड्या फोडायला. सगळी चाळ दारात उभी. हेरवाडच्या ग्रामसभेनं असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो 2022 साली. ही त्याच्या आधीची गोष्ट. त्या वेळी ‘साधं ठेवा, घरातल्या घरात उरका’ असं एकीलाही सुचलं नाही.

मी इव्हेंटवाल्या पोराला फोन लावला. सनई रद्द, ढोल-ताशा सांग. मुहूर्त दुपारचा आहे, तोच राहू दे. मुख्य दार सताड उघडं हवं.

‘‘आणि पायरो, आंटी?’’

‘‘चार लाव. तिसऱ्या रांगेतून नीट दिसतील असे. आणि मामाला आधी सांगून ठेव, नाहीतर पहिल्या ठिणगीला तो मला सोडून लिफ्ट गाठायचा.’’